खरी गणतीबाई

मुलींच्या त्या वसतिगृहात मेट्रनबाई दिवसातून तीन वेळा मुली मोजत. सकाळी तोंडं धुऊन झाल्यावर, दुपारी शाळा सुटल्यावर आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर. आणि हे मोजणं नुसत्या नजरेनं नसे. प्रत्येकीच्या डोक्यावर तळहात टेकवायचा, आकडा मोठ्यानं म्हणायचा, मग पुढची. चौसष्ट मुली, चौसष्ट डोकी. ओली, विस्कटलेली, तापानं फणफणलेली. एखादी वैतागून म्हणायची, "बाई, मी समोर उभी आहे की! दिसत नाही का?" उत्तर ठरलेलं असे. "दिसण्यावर माझा भरवसा नाही. डोकं पुढे कर."

बाई उंच होत्या, हाडापेरानं दणकट. हनुवटीवर मसुराएवढा तीळ आणि त्यात एक जाड केस. उजवा पाय किंचित ओढत चालायच्या, त्यामुळे कमरेच्या पट्ट्याला लावलेला किल्ल्यांचा जुडगा एका पावलाला वाजायचा आणि एकाला गप्प राहायचा. लांबून तो आवाज आला की मुली अंथरुणात शहाण्या होऊन झोपायच्या. मनात आणलं तरी बाईंना हसता येणार नाही, असं सगळ्या मुलींचं ठाम मत होतं.

त्यांच्या मोजण्यामागचं कारण कुणालाच माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ती माणसं नोकरी तरी सोडून गेली होती, नाहीतर जग तरी.

बाई पंचवीस वर्षांच्या होत्या तेव्हाची गोष्ट. नोकरीचं दुसरं वर्ष. तेव्हा साठ मुली होत्या. एका संध्याकाळी नजरेनं मोजताना एकोणसाठ भरल्या. पण एकीचा घोळणा फुटला होता, दोघी झिंज्या उपटत होत्या आणि स्वयंपाकघरातून जेवणासाठी हाका येत होत्या. बाईंनी मनाशी म्हटलं, खांबाआड कुणीतरी राहिली असेल, नंतर बघू. जेवणं झाली. ताटं उचलताना एक ताट कोरं राहिलेलं दिसलं, तेव्हा बाई शोधायला धावल्या. सात वर्षांची ती पोर मागच्या बागेतल्या हौदात सापडली. रंगाची वाटी धुवायला गेली होती. वाटी काठावर होती, ब्रशही तिथेच, नीट आडवा ठेवलेला.

डॉक्टर म्हणाले, मोजणीच्या कितीतरी आधी हे झालंय, तुम्ही लगेच शोधलं असतंत तरी उपयोग नव्हता. बाईंनी ते ऐकलं, पण आत उतरलं नाही. हौद मातीनं भरला गेला, त्यावर फुलझाडं लागली, आणि पुन्हा हा विषय निघू नये असं वरून सांगण्यात आलं. विषय निघाला नाही. बाई मात्र दुसऱ्या दिवसापासून हातानं मोजायला लागल्या.

नऊ वर्षांनी तिथे एक मुलगी आली. वय नऊ, आईबाप नाहीत, मामा आणून सोडून गेला. ती सकाळी उठल्यापासून जी गुणगुण सुरू करायची ती डोळा लागेपर्यंत, म्हणून सगळ्या तिला भुंगी म्हणत. भुंगी नकला भन्नाट करायची. चमच्यांचा जुडगा कमरेला बांधून, हनुवटीवर शाईचा ठिपका काढून ती बाईंसारखी पाय ओढत चालली की मुलींची हसून मुरकुंडी वळायची. बाईंनी एकदा ते दाराआडून पाहिलं आणि आल्या पावली परत गेल्या. पोरीला आई नाही, हसते आहे तर हसू दे.

पण एका संध्याकाळी भुंगी इस्त्रीच्या खोलीत पडद्यामागे लपली. मोजणी चुकवायची, बाईंची फजिती बघायची, एवढाच बेत. मोजणीत एक कमी भरली. बाईंनी खोल्या पालथ्या घातल्या, हाका मारल्या. मारता मारता आवाज फाटला. भुंगी तोंडात मूठ कोंबून हसू दाबत होती. पडदा सरकला आणि तिच्या गालावर सणसणीत थप्पड बसली. उभ्या आयुष्यात बाईंनी कुणाला मारलेली ती एकच. मारल्यावर बाई तिथेच जमिनीवर बसल्या. त्यांचे हात थरथरत होते. भुंगीला वाटलं, रागानं.

तेराव्या वर्षी मामानं तिला परत नेलं. बाईंच्या हाताखालून अशा शेकडो गेल्या होत्या. तीही गेली.

पुढे बाई बावन्न वर्षांच्या असताना एके दुपारी स्वयंपाकीणबाईंनी नातीचं एक पुस्तक आणलं. "सगळीकडे याचंच वेड लागलंय म्हणे पोरांना," त्या म्हणाल्या. बटाटे सोलायचं काम चाललं होतं, चारपाच बायका बसल्या होत्या, मेट्रनबाईही हातात सुरी घेऊन बसल्या होत्या. स्वयंपाकीणबाई मोठ्यानं वाचायला लागल्या.

गोष्ट शंभर दारांच्या घरात राहणाऱ्या गणतीबाईची होती. गणतीबाईला भूक भारी आणि विसरभोळेपणा त्याहून भारी. रोज संध्याकाळी ती पोरं मोजते, रोज एक कमी भरतं, आणि रोज तिला धास्ती पडते की चुकून आपणच त्याला गिळलं. मग ती स्वतःच्या पोटावर टकटक करून विचारते, "एक कमी, एक कमी! कुणाला गं गिळलं मी?" तेवढ्यात पलंगाखालून पोर ओरडतं, "मला!" आणि गणतीबाई अशी शिंकते की शंभर दारं एकदम उघडतात.

बायका पोट धरून हसत होत्या. स्वयंपाकीणबाईंनी पान उलटलं. "गणतीबाई होती ताडमाड उंच. तिच्या हनुवटीवर मसुराएवढा तीळ होता आणि त्यात एकच केस. ती रागावली की तो केस…" त्यांचा आवाज मंदावला. हसणं एकेक करून थांबलं. कुणीच मान वर करीना.

"थांबलीस का?" मेट्रनबाई म्हणाल्या. "वाच की पुढे."

"राहू दे बाई. काहीतरीच लिहितात मेले."

"वाच म्हणते ना."

स्वयंपाकीणबाईंनी वाचलं. किल्ल्या आल्या, ओढता पाय आला. थप्पडही आली, गणतीबाईची पाच बोटं पोराच्या गालावर उमटली आणि ती पाच माणसं होऊन नाचायला लागली. मेट्रनबाईंनी वाटणीचे बटाटे संपवले आणि त्या उठून गेल्या. मागे राहिलेली सालं इतकी जाड होती की त्यांतच अर्धे बटाटे गेले होते.

खोलीत जाऊन त्यांनी आरसा घेतला आणि हनुवटीवरचा केस उपटून टाकला. आठ दिवसांत तो पुन्हा आला, पहिल्यापेक्षा जाड.

महिन्याभरानं टपालानं एक प्रत आली. आत लिहिलं होतं, "बाईंना, भीत भीत. तुमची भुंगी." बाईंनी ती चादरींच्या गठ्ठ्याखाली ठेवून दिली. उत्तर पाठवलं नाही. काय लिहिणार? चित्र हुबेहूब होतं. खोटं म्हणावं असं त्यात काही नव्हतं. जे नव्हतं ते भुंगीला ठाऊकच नव्हतं.

मग दुसरं पुस्तक आलं, तिसरं आलं. गावात बातमी फुटायला कितीसा वेळ लागतो? भाजीवाला वजन करता करता म्हणाला, "बाई, एक कमी भरलं तर गिळणार नाही ना?" रस्त्यावर पोरं मागून लंगडत चालायला लागली. बाई मान खाली घालून चालत, आणि दात असे आवळत की परत येईपर्यंत जबडा दुखे.

असं दोन वर्षं चाललं. मग एक वेगळीच गोष्ट घडली. नवीन आलेली एक मुलगी तीन दिवस घरच्या आठवणीनं रडत होती. जेवेना, बोलेना. मोजणीत बाईंचा हात तिच्या डोक्यावर आला, तिनं वर पाहिलं आणि हुंदका देत विचारलं, "तुम्ही खऱ्या गणतीबाई आहात ना? मग ते म्हणा ना."

बाई गोंधळल्या. आजूबाजूच्या त्रेसष्ट मुली श्वास रोखून उभ्या. बाईंनी घसा खाकरला, स्वतःच्या पोटावर टकटक केलं आणि त्या जाड्याभरड्या आवाजात म्हणाल्या, "एक कमी, एक कमी. कुणाला गं गिळलं मी?"

पोर रडता रडता खुदकन हसली. सगळ्या हसल्या. आणि त्या मुलीनं धावत येऊन बाईंच्या कमरेला मिठी मारली.

बाईंना त्या वयापर्यंत अशी मिठी कुणी मारली नव्हती. त्यांना हात कुठे ठेवावेत तेच कळेना.

तिथून सगळं पालटलं. संध्याकाळची मोजणी म्हणजे खेळ झाला. रोज एक मुलगी लपायची, बाई आकडा म्हणत म्हणत शेवटाला यायच्या, पोटावर टकटक व्हायची, आणि पलंगाखालून आवाज यायचा, "मला!" बाईंना सगळ्या लपायच्या जागा पाठ झाल्या. लांबून किल्ल्या वाजल्या की मुली आता धावत समोर येत. माजी विद्यार्थिनी आपल्या पोरांना घेऊन भेटायला यायच्या, फोटो काढायच्या. बाई फोटोसाठी हनुवटी पुढे करायलाही शिकल्या.

स्वयंपाकीणबाईंना हे पटत नव्हतं. एकदा त्या म्हणाल्या, "बाई, लहान तोंडी मोठा घास घेते. पण रोज खोटं रडणाऱ्याचं खरं रडणं कुणी ऐकत नाही हो."

"पोरी हसतात गं," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे बघून हसतात."

खरं सांगायचं तर त्यांना स्वतःलाच आता हायसं वाटत होतं. एकोणतीस वर्षं एक आकडा कमी भरला की छातीत जी कळ उठायची, ती उठेनाशी झाली होती. एक कमी म्हणजे पलंगाखाली कुणीतरी खिदळत असणार. याहून मोठं सुख बाईंनी पाहिलं नव्हतं.

बाई एकोणसाठ वर्षांच्या झाल्या, त्या वर्षी ठिपका आली. आठ वर्षांची, अंगानं चिमुकली, नाकावर तिळांची रांगोळी. ती बाईंची सावलीच झाली. कपडे मोजताना बरोबर, औषधं वाटताना बरोबर. लपायला मात्र तिला धड जमायचं नाही. बाईंनी आकडा म्हणायला सुरुवात केली की पडद्यामागून फिस्स आवाज यायचा आणि बाकीच्या ओरडायच्या, "ठिपके, गप्प बस ना!" ती बाईंना म्हणायची, "एक दिवस मी अशी लपेन ना, की तुम्हाला खरंच वाटेल गिळलं म्हणून."

"बरं बाई, लप," बाई म्हणायच्या.

वसतिगृहाला पन्नास वर्षं झाली म्हणून समारंभ ठरला. प्रमुख पाहुणी अर्थातच भुंगी. आता चौतीस वर्षांची, सात पुस्तकांची नामवंत लेखिका. रेक्टरांना कल्पना सुचली की मेट्रनबाईंनी रंगमंचावरच मोजणी करावी. चौसष्टपैकी एक मुलगी पडद्यामागे राहील, त्रेसष्ट पायऱ्यांवर बसतील, शेवटी बाई ते वाक्य म्हणतील, आणि पडद्यामागची "मला!" म्हणत उडी मारेल. त्यासाठी त्यांनी खणखणीत आवाजाची एक मोठी मुलगी निवडली. ठिपकानं हात वर केला होता, एकदा नाही, दोनदा. रेक्टर म्हणाले, "तुझा आवाज पहिल्या रांगेपलीकडे जायचा नाही गं." तिनं हात खाली घेतला. त्या संध्याकाळी ती बाईंच्या बरोबर आली नाही. बाईंच्या ते लक्षात आलं, पण समारंभाच्या धावपळीत विचारायचं राहून गेलं.

समारंभाच्या दुपारी सभागृह खचाखच भरलं होतं. पालक, वर्तमानपत्रवाले, मागे भिंतीला टेकून उभे राहिलेले लोक. बाईंनी किल्ल्या मुद्दाम वाजवत प्रवेश केला तसा टाळ्यांचा कडकडाट झाला. भुंगी खुर्चीवरून उठून वाकली. इतक्या वर्षांनी दोघी समोरासमोर येत होत्या, पण बोलायला उसंत नव्हती. बाई मोजायला लागल्या. हात डोक्यावर, आकडा, पुढचं डोकं. लोकही त्यांच्याबरोबर मोठ्यानं आकडे म्हणू लागले. साठ. एकसष्ट. बासष्ट.

बाईंचा हात पुढे गेला आणि हवेत थांबला. पुढे डोकं नव्हतं.

त्यांनी पायऱ्यांवरून नजर फिरवली. त्रेसष्ट हव्या होत्या. तेवढ्यात लोकांनी वाट न बघता सुरू केलं, "एक कमी, एक कमी!" आणि पडद्यामागची मुलगी "मला!" म्हणत बाहेर आली. हशा, टाळ्या, शिट्ट्या.

"दोन कमी," बाई म्हणाल्या.

आवाज माइकमधून गेला. लोक आणखी मोठ्यानं हसले. आजवर कुठल्याच पुस्तकात दोन कमी पडल्या नव्हत्या. गणतीबाईनं आज खास प्रसंगासाठी नवीन भर घातली होती!

"दोन होत्या. अजून एक कमी आहे. ठिपका कुठे आहे?"

रेक्टर हसत हसत पुढे आले, त्यांनी बाईंचं कोपर धरलं आणि माइकवर हात ठेवून हळूच म्हणाले, "बाई, पुरे. रंगलं छान. आता बसा."

"साहेब, पोर नाहीये."

"असेल संडासात कुठेतरी. एवढे पाहुणे बसलेत, शोधाशोध कसली करताय? भाषण होऊ दे, मग बघू."

आणि बाई बसल्या. त्यांना दोरीनं कुणी बांधलं नव्हतं. त्या बसल्या, कारण लोक हसत होते, कारण रोज एक कमी भरायची आणि रोज ती सापडायची, कारण कळ उठायची जागाच बोथट झाली होती. रेक्टर संस्थेच्या इतिहासावर अकरा मिनिटं बोलले. बाई मांडीवरच्या आपल्या तळहाताकडे बघत होत्या. मग दगड खाली पडावा तशी एक गोष्ट त्यांच्या मनात आदळली: मोजणी चालू असताना आज कुठूनही फिस्स आवाज आला नव्हता.

त्या भाषणाच्या मध्येच उठल्या आणि पाय ओढत निघाल्या. लोक पुन्हा हसले. भुंगी मात्र हसत नव्हती. बाईंचा तो चेहरा तिनं एकदाच पाहिला होता, पंचवीस वर्षांपूर्वी, पडदा सरकला तेव्हा. ती खुर्ची मागे सारून त्यांच्यामागे धावली.

पलंगांखाली नाही. इस्त्रीच्या खोलीत नाही. बागेत नाही. भुंगी हाका मारत होती; बाई एकेक दार ढकलत पुढे जात होत्या. थंडीच्या ब्लँकेटांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत लोखंडी पेट्या. शेवटच्या पेटीतली ब्लँकेटं काढून बाजूला रचून ठेवलेली होती, घडी न मोडता, बाईंनी शिकवलं होतं तशी. झाकणाची पट्टी खाली पडून कडीत बसली होती. आतून ती उघडणं मोठ्या माणसालाही शक्य नव्हतं.

बाईंनी पट्टी उचलली.

त्यांनी पोरीला उचलून मांडीवर घेतलं, तोंडात श्वास भरला, छाती दाबली, शिकवलं होतं ते सगळं केलं. भुंगी डॉक्टरांसाठी ओरडत पळाली. पालकांमध्ये एक डॉक्टर होते, ते आले. बराच वेळ खटपट करून ते थांबले. "थोडं आधी…" ते म्हणाले, आणि बाईंचा चेहरा बघून पुढचे शब्द त्यांनी गिळले.

चौकशी बसली. शाळेच्या शिक्षकखोलीत तीन माणसं, लांब टेबल, मध्ये पाण्याचा जग. रेक्टरांनी सांगितलं की लपाछपीचा हा प्रकार मेट्रनबाईंनीच पाच वर्षांपूर्वी सुरू केला, मुलींना लपायची सवय त्यांनीच लावली. हे खरंच होतं. भुंगीनं सांगितलं की बाईंनी माइकवरून दोनदा पोर नसल्याचं सांगितलं आणि रेक्टरांनी त्यांना हाताला धरून बसवलं. हेही खरंच होतं.

अध्यक्षांनी बाईंना विचारलं, "तुम्हाला रेक्टरांनी बसायला सांगितलं?"

"हो."

"म्हणजे तुम्ही वरिष्ठांचा आदेश पाळलात."

"त्यांनी सांगितलं, पण बसले मी."

लिहिणाऱ्या माणसानं मान वर केली. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमच्या बाजूचं जे आहे तेवढं सांगितलंत तर बरं."

"बाजू नाही. दुसरी एक गोष्ट आहे, ती लिहून घ्या," असं म्हणून बाईंनी चौतीस वर्षांपूर्वीचा हौद सांगितला. कुणी विचारलं नव्हतं. कोरं ताट सांगितलं, वाटी सांगितली, काठावर नीट ठेवलेला ब्रश सांगितला. "तेव्हाही मी म्हटलं होतं, नंतर बघू. परवा साहेब म्हणाले, मग बघू. मी हे वाक्य आधी ऐकलेलं होतं. बाकी कुणी ऐकलेलं नव्हतं. म्हणून साहेबांपेक्षा माझी चूक मोठी."

रेक्टरांची बदली झाली. बाईंना निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना घरी पाठवलं. वर्तमानपत्रांनी पुस्तकातलं गणतीबाईचं चित्र छापलं आणि खाली दोन मुलींची वयं छापली. परवापर्यंत जी पोरं मागून लंगडत चालायची, त्यांना आता त्यांच्या आया हात धरून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला नेऊ लागल्या.

चौकशीच्या दिवशीच भुंगी बाहेरच्या बाकावर येऊन त्यांच्याशेजारी बसली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"बाई, मला कुणी कधी सांगितलं नाही. तुम्ही का मोजता ते."

"नऊ वर्षांच्या पोरीला काय सांगायचं गं?"

"पुस्तक पाठवलं तेव्हा तरी सांगायचं होतंत. एक ओळ लिहायची होतीत. मी पुढचं लिहिलंच नसतं."

बाई म्हणाल्या, "पहिली दोन वर्षं तुझा राग आला. नंतर नाही. नंतर मला ते आवडायला लागलं, भुंगे. पोरी गळ्यात पडायच्या. ते तुझ्या पुस्तकात कुठे नाही. ते मी केलं."

"मी पुस्तकं बंद करायला सांगते."

"सांग. पण घरोघरी आहेत ती काय परत मागवणार आहेस? जा आता. पाणी पी जरा. लहानपणीही तू रडलीस की पाणी प्यायची नाहीस, मग डोकं धरून बसायचीस."

भुंगीनं पुन्हा काही लिहिलं नाही. प्रकाशकानं तीन महिने थांबून सातही पुस्तकं नव्या मुखपृष्ठासह पुन्हा काढली, आणि ती आधीसारखीच खपली.

बाई धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. दुसरं गाव, जिन्याखालची एक खोली, खिडकीतून शेजाऱ्याच्या सायकली दिसायच्या. बहीण जीव लावायची, पण तिलाही त्यांच्याशी काय बोलावं ते सुचत नसे. बाई घर झाडायच्या, भांडी घासायच्या, आणि बाहेरून शाळेची पोरं जायची वेळ झाली की खिडकी लावून घ्यायच्या.

चार महिन्यांनी एका दुपारी दारावर थाप पडली. बहिणीनं दार उघडलं. बाहेर एक तिशीतली बाई उभी होती, हातात पिशवी, नाकावर तिळांची रांगोळी. ती कोण ते मेट्रनबाईंना सांगावं लागलं नाही. त्या उठून उभ्या राहिल्या आणि भिंतीला टेकल्या.

"मी तुम्हाला माफ करायला आलेली नाही," ठिपकाची आई म्हणाली.

"माहीत आहे."

"करणारही नाही."

"नको करूस."

ती खुर्चीच्या कडेवर बसली. बहिणीनं पाणी आणून ठेवलं, ते तिनं प्यायलं नाही. पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत राहिली. मग खाली बघतच म्हणाली, "ती सात महिने तुमच्याकडे होती. मला कामामुळे दोनदाच भेटायला येता आलं. पत्रांत काही नसायचं तिच्या. मी मजेत आहे, तू कशी आहेस. बस्स." "ते सात महिने माझ्याकडे नाहीत. घरात कुणाकडेच नाहीत. मी दुसऱ्या कुणाला विचारू?"

बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. मग त्या सांगायला लागल्या. की ती मोजे घालूनच झोपायची आणि सकाळी त्यातला एक नेहमी हरवलेला असायचा. की दुधावरची साय बोटानं काढून शेजारणीच्या पेल्यात टाकायची, आणि शेजारणीला ती आवडायची म्हणून दोघींचं जमलं होतं. की गणितात रडायची आणि पाढे मात्र आंघोळ करताना गाऊन म्हणायची. की तिचा एक दात पडला तेव्हा तो तिनं औषधांच्या कपाटात, कापसाच्या डबीत जपून ठेवायला दिला होता.

"कुठला दात?" आईनं एकदम विचारलं.

"वरचा. डावीकडचा."

"तो हलत होता मी सोडायला आले तेव्हा." आईनं हाताच्या पाठीनं तोंड पुसलं. "आता कुठे आहे?"

बाई उठल्या, आपल्या पेटीतून कापसाची डबी काढून त्यांनी तिच्या हातात दिली. आईनं ती उघडली नाही. दोन्ही हातांत धरून बसून राहिली. बहीण दारातून मागे सरकली आणि तिनं आतल्या खोलीतला रेडिओ बंद केला.

"अजून सांगा," आई म्हणाली. "ती भांडायची का कुणाशी?"

"भांडायची ना," बाई म्हणाल्या. "चांगली कडाकडा भांडायची. एकदा काय झालं…"